स्टेप फाइलमधला आपला खास आकार सॉफ्टवेअरला ओळखायला कसा लावायचा: कीहोल घेऊन पायरी पायरीने

ठाणे-बेलापूर पट्ट्यात पत्र्याचं काम करणारे बरेच जण आता स्टेप फाइल (थ्रीडी मॉडेल एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात न्यायची फाइल) आली की तिच्यातून होल, स्लॉट, बेंड आपोआप मोजून कोटेशन काढायच्या मागे आहेत, आणि साधे होल मिळतातही, पण स्वतःचा असा खास आकार आला की गाडी अडते. मी वागळे इस्टेटमध्ये बसतो, रबाळे-महापेकडून कुणी ना कुणी लॅपटॉप घेऊन येतं, आणि बहुतेक वेळा चूक तीच असते. आकार डोळ्याला कसा दिसतो ते स्क्रिप्टमध्ये लिहिलेलं असतं, नाहीतर नुसती मापं लिहिलेली असतात, पण कुठला फेस (मॉडेलचा एकेक पृष्ठभाग) कुठल्या फेसला कसा चिकटलाय हे लिहिलेलंच नसतं. आणि सॉफ्टवेअरला कळतं ते फक्त तेवढंच.

उदाहरण एकच धरतो, म्हणजे गोंधळ नको: कीहोल. इलेक्ट्रिकल पॅनेलच्या मागच्या पत्र्यात भिंतीवर अडकवायला असतो तो, खाली मोठा गोल, वर अरुंद खाच, स्क्रूचं डोकं गोलातून आत घ्यायचं आणि पॅनेल खाली सोडायचं की स्क्रूची मान खाचेत बसते. माप असं धरू: मोठ्या गोलाचा व्यास १० मिमी, खाच ५ मिमी रुंद, दोन्ही केंद्रांमधलं अंतर १२ मिमी, पत्रा २ मिमी. एम-फोर पॅन हेड स्क्रूचं डोकं ८ मिमीचं असतं, त्यामुळे ते आरामात जातं.

साधन कुठलंही घ्या, फ्रीकॅडमधलं पायथन, थेट ओपन कॅस्केड, सॉलिडवर्क्सची एपीआय (स्क्रिप्टने ते चालवायची सोय), पायऱ्या त्याच. सॉलिडवर्क्समधलं फीचरवर्क्स नेहमीचे फीचर ओळखतं, होल, फिलेट (गोल केलेली कड), एक्स्ट्रूड वगैरे, पण "हा आमचा कीहोल" असं ते सांगणार नाही, ते आपल्यालाच करावं लागतं.

## सुरू करण्याआधी: कॉम्प्युटर बंद, कागद-पेन

आधी कागदावर कीहोलचं चित्र काढा आणि प्रत्येक भिंतीला नंबर द्या. आपल्या कीहोलला आतून चार भिंती आहेत: मोठा सिलिंडर, एक सपाट भिंत, छोटा अर्धा सिलिंडर, दुसरी सपाट भिंत, आणि परत मोठा सिलिंडर. साखळी पूर्ण. आता प्रत्येक जोडाजवळ लिहा की तिथे धार आहे, कोपरा आहे की गुळगुळीत आहे. हे करताना अर्धे लोक अडखळतात आणि ते चांगलंच आहे, कारण जे कागदावर सांगता येत नाही ते कोडमध्येही येणार नाही.

मग नमुने जमवा. ज्यात कीहोल नक्की आहे अशा दहाएक फाइली, आणि ज्यात कीहोलसारखं दिसणारं पण कीहोल नसलेलं काहीतरी आहे अशाही तेवढ्याच. दुसरा गठ्ठा कुणीच करत नाही. नुसत्या "आहे" वाल्या फाइलींवर कुठलाही नियम पास होतो हो, "सगळंच कीहोल" हा नियमसुद्धा.

## १. फाइल नीट मागून घ्या

स्टेप मागा. एसटीएल नको, तिच्यात नुसते त्रिकोण असतात, सिलिंडर नावाची गोष्टच नसते, गोल म्हणजे बारीक बारीक सपाट तुकडे. इजेस चालेल पण नाइलाज असेल तर, तिच्यात बऱ्याचदा सॉलिड नसून सुटे सरफेस येतात आणि ते शिवत बसावं लागतं.

स्टेपमध्ये फीचर ट्री (मॉडेल कुठल्या पायऱ्यांनी बनवलं त्याची यादी) साधारणपणे येत नाही हे लक्षात ठेवा. डिझायनरने त्याच्याकडे त्या कटला "कीहोल" असं नाव दिलेलं असेल, पण आपल्याकडे पोचतात ते फेस, एज (दोन फेस मिळतात ती रेघ) आणि व्हर्टेक्स (एज मिळतात तो बिंदू). एपी २०३, २१४, २४२ या स्टेपच्या प्रकारांतलं काहीही आलं तरी या कामापुरतं तसंच समजा.

तपासून घ्या: पत्र्याची जाडी मोजा. २ च्या जागी ५०.८ किंवा ०.०७८७ दिसलं तर इंच-मिमीचा घोळ आहे. तो इथेच सोडवा, पुढे कुठेतरी २५.४ ने भागत बसू नका.

तपासून घ्या: बॉडी सॉलिड आहे ना, आणि व्हॉल्यूम पॉझिटिव्ह आहे ना. काही फाइलींमध्ये सॉलिड आतलं बाहेर झालेलं असतं, मग चौथ्या पायरीवर प्रत्येक धारेचा कोपरा होतो आणि प्रत्येक कोपऱ्याची धार, आणि तुम्ही दिवसभर स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधत बसता.

असेंब्ली असेल तर आणखी एक. एकच ब्रॅकेट चार ठिकाणी लावलेला असेल तर ओळखायचं काम एकदाच करा आणि संख्या चारने गुणा. चार वेळा ओळखायला गेलात तर वेळ चौपट, फायदा शून्य.

## २. मॉडेल साफ करा, पण मूळ फाइल बाजूला ठेवून

इथे घाई केली की पुढचं सगळं वाकडं. फ्रीकॅडमध्ये "चेक जॉमेट्री" चालवा, मग "रिफाइन शेप". ओपन कॅस्केडमध्ये दुसऱ्या कामाला "युनिफाय सेम डोमेन" म्हणतात. काम एकच, एकाच प्लेनवरचे किंवा एकाच सिलिंडरवरचे शेजारी तुकडे जोडून एक फेस करणं.

हे का लागतं? कारण बरीच सॉफ्टवेअर पूर्ण गोल होल एक्सपोर्ट करताना त्याचे १८०-१८० अंशांचे दोन फेस करतात. कीहोलचा मोठा गोलही असाच दोन तुकड्यांत येऊ शकतो. माझ्या सुरुवातीच्या दिवसांतली गोष्ट, एका पॅनेलमध्ये चार कीहोल होते, माझ्या स्क्रिप्टने ठणकावून शून्य सांगितले, आणि कोटेशन गेलंसुद्धा. मी "बरोब्बर चार फेसची साखळी" असा नियम लिहिला होता आणि फाइलमध्ये पाच होते. तेव्हापासून फेसची संख्या मी नियमात घालतच नाही, जोडल्यानंतरची साखळी बघतो.

सावधान: तुकडे जोडले की फेसचे नंबर बदलतात, आणि कस्टमरने फेसला रंग देऊन काही सांगितलं असेल तर तो रंगही जाऊ शकतो. जुन्या नंबरवरून नव्या नंबरची यादी ठेवा.

## ३. फेसची यादी बनवा

प्रत्येक फेससाठी लिहून ठेवा: प्रकार काय, प्लेन की सिलिंडर की शंकू की टॉरॉइड (मेदूवड्याचा आकार) की आणखी काही, प्लेन असेल तर नॉर्मल (फेसला काटकोनात बाहेर जाणारी दिशा), सिलिंडर असेल तर अक्ष आणि त्रिज्या, आणि तो किती अंश फिरतो.

एक मोठा खड्डा: फाइलमध्ये "बी-स्प्लाइन" (कुठल्याही वळणाचा मोकळा पृष्ठभाग) लिहिलंय म्हणून तो सिलिंडर नाहीच असं धरू नका. डोळ्याला चकचकीत गोल होल दिसतो आणि आत बी-स्प्लाइन निघतो, विशेषतः दोन-तीन सॉफ्टवेअरमधून फिरून आलेल्या फाइलींमध्ये. अशा फेसवर आठ-दहा पॉइंट घ्या, सिलिंडर बसवून बघा, फरक ०.०१ मिमीच्या आत असेल तर सिलिंडर म्हणून नोंद करा.

दुसरं म्हणजे होल की बॉस (बाहेर उठलेला गोल भाग). दोन्हीही सिलिंडरच. फेसचं बाहेरचं नॉर्मल अक्षाकडे बघत असेल तर होल, अक्षापासून लांब बघत असेल तर बॉस. इथे फेसचं ओरिएंटेशन उलटं असेल तर नॉर्मल फिरवून घ्यायचं असतं, हे विसरलं जातं आणि मग पत्र्याचे गोल कोपरेसुद्धा होल म्हणून मोजले जातात.

## ४. प्रत्येक एजची जात ठरवा

सगळा लेख खरं तर या पायरीसाठीच लिहितोय.

एजला तीन जाती: कॉन्व्हेक्स (कागदावरची धार), कॉनकेव्ह (कोपरा), स्मूथ (गुळगुळीत). स्वयंपाकघर आठवा. ओट्याची पुढची कड, जिथे कंबर आपटते, ती कॉन्व्हेक्स. ओटा आणि मागच्या टाइल्स जिथे मिळतात, जिथे पाणी साठतं, ती कॉनकेव्ह. आणि कड गोल घासून दिली असेल तर सपाट भाग संपून गोल भाग जिथे सुरू होतो, हात फिरवला तर कळतही नाही, ती स्मूथ.

ठरवायचं असं. एजच्या मध्यावर उभे राहा. एका बाजूचा फेस अ, दुसऱ्या बाजूचा ब. अ चं बाहेरचं नॉर्मल काढा. आता एजवरून ब फेसवर अगदी थोडं आत सरका. ते सरकणं अ च्या नॉर्मलच्या दिशेने गेलं तर कॉनकेव्ह, उलट दिशेने गेलं तर कॉन्व्हेक्स, आणि कुठेच नाही गेलं, दोन्ही नॉर्मलमध्ये एक अंशाहून कमी फरक, तर स्मूथ. पॉकेटवर (आरपार न गेलेल्या खड्ड्यावर) करून बघा: तळाचं नॉर्मल वर, भिंतीवर आत सरकलात तर वर जाता, म्हणजे कॉनकेव्ह. पटलं?

आता "ब वर आत सरका" म्हणजे नक्की कुठे, इथे सगळे आपटतात, मीही आपटलोय. सोपं म्हणून लोक एजच्या मध्यापासून ब फेसच्या मध्याकडे सरकतात. ब जर पॅनेलचा मोठा सपाट पत्रा असेल आणि कीहोल त्याच्या कोपऱ्यात असेल तर काय होतं बघा: कीहोलच्या ज्या बाजूला पॅनेलचा मध्य आहे तिथल्या एजवर उत्तर बरोबर येतं, आणि पलीकडच्या एजवरून मध्याकडे निघालात की पत्र्यावर जायच्या ऐवजी भोकावरून हवेत जाता, उत्तर उलटं. म्हणजे एकाच कीहोलच्या अर्ध्या एज बरोबर आणि अर्ध्या चूक, आणि चूक दिसतही नाही पटकन.

बरोबर पद्धत अशी की ब फेसच्या लूपमध्ये (फेसच्या कडांची बंद साखळी) ती एज ज्या दिशेने धावते ती दिशा घ्या, ब चं नॉर्मल गुणिले ती दिशा असा क्रॉस प्रॉडक्ट काढा, तो नेहमी फेसच्या आत जातो, बाहेरची लूप असो की भोकाची. फक्त दिशा त्या फेसमधलीच घ्यायची, कारण तीच एज शेजारच्या फेसमध्ये उलटी धावते.

तपासून घ्या: एक चौकोनी ठोकळा घ्या, वरून एक चौकोनी पॉकेट मारा, आरपार नाही, फिलेट नाही. एकूण २४ एज आल्या पाहिजेत, त्यातल्या १६ कॉन्व्हेक्स, ८ कॉनकेव्ह. बाहेरच्या १२ आणि पॉकेटच्या तोंडाच्या ४ या कॉन्व्हेक्स, तळाच्या ४ आणि उभ्या कोपऱ्यांच्या ४ या कॉनकेव्ह. पॉकेट मुद्दाम एका कोपऱ्यात सरकवून मारा, म्हणजे वरची अर्धी बरोबर, अर्धी चूक अशी गडबड असेल तर आकड्यात दिसेल. हा आकडा जुळल्याशिवाय पुढे जायचं नाही.

आता कीहोल. इथे गंमत आहे. बहुतेकांच्या डोक्यात असतं की कापलेला आकार म्हणजे आतले जोड कॉनकेव्ह असणार. पण मोठा गोल जिथे खाचेच्या भिंतीला मिळतो तिथे पत्र्याचं टोक आत घुसलेलं असतं, बोट फिरवलं तर टोचतं, म्हणजे तो जोड कॉन्व्हेक्स. आणि खाचेची भिंत जिथे छोट्या अर्ध्या गोलाला मिळते तिथे स्मूथ. म्हणजे साखळी अशी: मोठा सिलिंडर, कॉन्व्हेक्स, भिंत, स्मूथ, छोटा सिलिंडर, स्मूथ, भिंत, कॉन्व्हेक्स, परत मोठा सिलिंडर. कॉनकेव्ह एकही नाही! शिवाय चारही भिंती पत्र्याच्या दोन्ही बाजूंना कॉन्व्हेक्स एजने मिळतात, त्या आठ वेगळ्या.

फेस म्हणजे बिंदू, एज म्हणजे त्यांना जोडणारी रेघ आणि रेघेवर तिची जात, या सगळ्याला अ‍ॅट्रिब्युटेड अ‍ॅडजेसन्सी ग्राफ म्हणतात. नाव भारदस्त आहे, प्रत्यक्षात एक्सेलच्या शीटवर मावतं.

## ५. सुरुवात कुठल्या फेसपासून करायची

पूर्ण ग्राफमध्ये पूर्ण नमुना शोधायला जाऊ नका, मोठ्या पॅनेलवर स्क्रिप्ट चहा पिऊन येईपर्यंत फिरत राहते. एक फेस निवडा जो आपल्या आकारात नक्की असतो आणि बाकी मॉडेलमध्ये कमी असतो. कीहोलसाठी तो मोठा सिलिंडर: होल जातीचा, १८० अंशांहून जास्त पण ३६० हून कमी फिरणारा. पूर्ण होल इथेच गळतात, साधे लांबट स्लॉटही गळतात कारण त्यांची टोकं बरोबर १८० ची असतात.

सपाट भिंतीपासून सुरू करणारेही बघितलेत. पॅनेलमध्ये सपाट फेस कमी असतात का?

## ६. साखळी पुढे जोडत जा

मोठ्या सिलिंडरपासून कॉन्व्हेक्स एजने मिळणारे शेजारी बघा. त्यात पत्र्याचे वरचे-खालचे फेस पण येतात, ते वगळा, त्यांचं नॉर्मल सिलिंडरच्या अक्षाला समांतर असतं. उरले पाहिजेत बरोबर दोन प्लेन. त्या प्रत्येकावरून स्मूथ एजने पुढे जा, दोन्हीकडून एकाच सिलिंडरवर पोचायला हवं. पोचलात तर साखळी बंद, नाहीतर सोडून द्या, ओढूनताणून बसवू नका.

सावधान: "वरचा फेस म्हणजे झेड दिशेचा" असं कुठेही लिहू नका. कीहोल वाकवलेल्या फ्लॅंजवर असू शकतो, आणि कस्टमरने मॉडेल कसंही फिरवलेलं असतं. सगळं त्या सिलिंडरच्या अक्षाच्या संदर्भात लिहा.

फिलेटचं काय? काही डिझायनर त्या टोचणाऱ्या टोकांना ०.५ ची त्रिज्या देतात. मग मोठा सिलिंडर आणि भिंत यांच्यामध्ये एक चिंचोळा सिलिंडर येतो आणि कॉन्व्हेक्स एज गायब होऊन दोन स्मूथ एज येतात, साखळी तुटते. उपाय: साखळी जोडण्याआधी असे छोटे फेस शोधा, दोन्ही बाजूंनी स्मूथ, त्रिज्या लहान, आणि ते मिटवून त्यांच्या जागी एकच एज आहे असं माना. त्या चिंचोळ्या सिलिंडरचं नॉर्मल अक्षापासून लांब बघत असेल तर मानलेली एज कॉन्व्हेक्स, अक्षाकडे बघत असेल तर कॉनकेव्ह. मॉडेलमधून फिलेट खरोखर डिलीट करायची गरज नाही, फक्त यादीत मिटवा. आणि "लहान" ची मर्यादा जपून ठेवा, नाहीतर कीहोलचं २.५ त्रिज्येचं टोकच फिलेट समजून उडवाल, तेही दोन्हीकडून स्मूथच असतं ना.

## ७. आता मापं, आधी नाही

साखळी बंद झाली की मगच मापं. दोन्ही सिलिंडरचे अक्ष समांतर, दोन्ही भिंती एकमेकींना समांतर, भिंतींमधलं अंतर छोट्या त्रिज्येच्या दुप्पट, मोठी त्रिज्या छोट्याहून मोठी. ही नाती तपासा, आकडे नाही. "व्यास १० असेल तरच कीहोल" लिहिलंत तर उद्या १२ चा आला की परत लॅपटॉप घेऊन या.

लांबी मोजताना अक्षापासून अक्षापर्यंत. आपल्या उदाहरणात ती १२ आहे, पण सरळ भिंतीची लांबी फाइलमध्ये ७.६७ दिसते कारण सुरुवातीचा ४.३३ भाग गोलाने खाल्लेला आहे. लोक भिंत मोजतात आणि म्हणतात ड्रॉइंग चुकलंय.

मोठ्या सिलिंडरचा कोनही बघून घ्या: व्यास १० आणि खाच ५ असेल तर बरोबर ३०० अंश येतो. टोकांना ०.५ चा फिलेट असेल तर तोच २९४ च्या आसपास. म्हणून ३०० हा आकडा नियमात नको, हाताने पडताळायला ठेवा.

आणि दशांशांना "बरोबर आहे का" असं कधीच विचारायचं नाही, "फरक इतक्याहून कमी आहे का" असं विचारायचं. ओपन कॅस्केडची स्वतःची मर्यादा ०.००००००१ मिमी असते, ती मॉडेल बांधायला आहे, आपल्या तुलनेला नाही. पत्र्याच्या कामाला लांबीत ०.०१ मिमी आणि कोनात अर्धा अंश, एवढ्यावर माझं भागतं.

## ८. तोतये पकडा

तो दुसरा गठ्ठा आता बाहेर काढा. मला भेटलेले तोतये असे:

हबचं बोअर (चाकाच्या मधलं शाफ्टचं भोक) आणि त्यातला की-वे (चावी बसायची खाच). हा सगळ्यात पक्का तोतया. २५ च्या बोअरमध्ये ८ रुंदीचा की-वे, हबमध्ये खोली ३.३, समोरून बघा, थेट कीहोल. मोठा सिलिंडर सुमारे ३२२.७ अंश, दोन समांतर भिंती कॉन्व्हेक्स एजने जोडलेल्या, इथपर्यंत सगळं जुळतं. फरक फक्त टोकाला: तिथे अर्धा गोल नाही, सपाट तळ आहे आणि तो दोन कॉनकेव्ह एजने जोडलेला. पुढची साखळी "स्मूथ आणि सिलिंडर" असं स्पष्ट लिहिलं असेल तर हा आपोआप गळतो, "पुढचा कुठलाही फेस" लिहिलं असेल तर गिअरच्या ब्लॅंकमध्ये कीहोल निघतात.

डंबेल, म्हणजे दोन्ही टोकांना मोठे गोल आणि मध्ये खाच. याच्यात भिंतींची दोन्ही टोकं कॉन्व्हेक्स असतात.

थेंबाचा आकार. भिंती समांतर नसतात आणि मोठ्या गोलालाही स्मूथ मिळतात.

आणि कीहोलच्याच आकाराचं उठाव असलेलं काहीतरी, नेमप्लेटवर वगैरे. तिसऱ्या पायरीतली होल-बॉसची तपासणी इथे कामाला येते.

तपासून घ्या: दुसऱ्या गठ्ठ्यातून एकही कीहोल निघता कामा नये. एक जरी निघाला तरी नियमात अपवाद घालत बसू नका, परत कागदावर जा, व्याख्येतच काहीतरी राहिलंय.

मधूनमधून कुणीतरी विचारतं की हे सगळं सोडून एआय मॉडेल ट्रेन करू का. हजारो नाव दिलेले नमुने असतील तर करा की. चार-पाच खास आकारांसाठी एवढा व्याप मला तरी परवडलेला नाही, आणि नियम चुकला तर तो कुठे चुकला हे निदान सापडतं.

## ९. कुणी आधी शोधायचं

एकाहून जास्त फीचर शोधत असाल तर जास्त अटी असलेला नियम आधी चालवा, ढिला नियम नंतर. कीहोल आधी, मग लांबट स्लॉट, मग साधा होल. एकदा फेस कीहोलने घेतला की त्यावर खूण करा आणि पुढच्या नियमाला तो देऊ नका. हा क्रम उलटा झाला तर काय होतं, होलचा नियम मोठा सिलिंडर उचलतो, आणि बिलात एक १० चा होल आणि एक कसलीतरी अनोळखी खाच दिसते.

पत्र्याचा वरचा-खालचा फेस मात्र कुणाच्याच मालकीचा नाही, तो सगळ्यांना लागतो, त्यावर खूण नको.

## १०. निकाल

प्रत्येक कीहोलसाठी मोठा व्यास, खाचेची रुंदी, अक्ष ते अक्ष लांबी, जागा, खाचेची दिशा आणि मूळ फाइलमधले फेसचे नंबर एवढं लिहा. खाचेची दिशा का, तर एका पॅनेलवरचे सगळे कीहोल एकाच दिशेला हवेत, एक उलटा असेल तर पॅनेल भिंतीवर बसणारच नाही, आणि ही चूक डिझायनरकडून होते, मिरर करताना.

"आहे" आणि "नाही" सोबत तिसरा कप्पा ठेवा, "बघून सांगा". साखळी जुळली पण माप जुळलं नाही, किंवा छोट्या सिलिंडरच्या जागी न ओळखलेला फेस आला, असे सगळे तिकडे, आणि त्या फेसना मॉडेलमध्ये लाल रंग देऊन फाइल सेव्ह करा. सकाळी पहिली दहा मिनिटं तो कप्पा उघडून बघायचा, आणि त्यातली जी फाइल खरंच कीहोलची निघेल ती उचलून पहिल्या गठ्ठ्यात टाकायची, नसेल ती दुसऱ्या.